बाळंतपणानंतर खाली गाठ लागतेय, डॉक्टर म्हणाल्या गर्भपिशवी उतरलीय. कोणाला अनुभव आहे का?

अर्धी_झोप (ठाणे)

नमस्कार, कुठून सुरुवात करू कळत नाहीये म्हणून सरळच लिहिते. मुलगी साडेतीन महिन्यांची झालीय, पहिलंच बाळंतपण, नॉर्मल, पण जोर लावण्यात खूप वेळ गेला आणि शेवटी व्हॅक्यूम लावला, वजन ३.८ किलो होतं. टाके नीट भरले. माहेरी डोंबिवलीला सव्वा महिना शेक, मालिश, डिंकाचे लाडू सगळं यथासांग झालं, पोटपट्टाही आईने घट्ट आवळून बांधला. मग घोडबंदरला आपल्या घरी आले आणि एकदा आंघोळ करताना हाताला खाली काहीतरी मऊ, फुगीर, लिंबाएवढं लागलं. मला वाटलं टाक्याची गाठ असेल. पण सकाळी नसते, संध्याकाळी असते, आणि बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या की खाली नुसतं जड जड होतं, ओढल्यासारखं, बसले तरी मध्ये काहीतरी आहे असं वाटत राहतं. शिंकले की लघवीचे थेंब येतात ते वेगळंच.

गायनॅकने पाच मिनिटात तपासलं, म्हणाल्या मूत्राशय खाली आलंय आणि पिशवीही थोडी उतरलीय, ग्रेड टू (चारपैकी दुसरी), केगलचे व्यायाम करा, दुसरं मूल झालं की बघू, फारच त्रास झाला तर पिशवी काढून टाकू. मी ३१ वर्षांची आहे! केगल म्हणजे नक्की काय करायचं ते विचारेपर्यंत पुढची पेशंट आत आली होती.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, अंग आलंय म्हणतात त्याला, आमच्या गावाला किती बायकांना असायचं, लंगोट बांधून भात लावायला जायच्या. म्हणजे धीर दिला की काय ते कळलं नाही मला. नवरा चांगला आहे पण त्याला वाटतंय मी नेट वाचून वाचून घाबरलेय. वाचलंय खरं, आणि रात्री दूध पाजताना परदेशी बायकांच्या ग्रुपवर वाचते त्यामुळे जास्तच भीती वाटते.

प्रश्न असे की हे परत वर जातं का? बाळाला उचलू की नको? दुसरं मूल होऊ शकतं का? सुट्टी संपत आलीय, ऑफिस ऐरोलीला आहे, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रोज रिक्षाने जायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो. आणि हो, जवळ जायची तर हिंमतच होत नाही. प्लीज कोणीतरी यातून गेलेलं असेल तर सांगा.

सानपाडा_लोकल

आधी एक कर, रात्री दूध पाजताना फोन बघणं बंद. त्या परदेशी ग्रुपवर ज्यांचं वाईट चाललंय त्याच लिहितात, बऱ्या झालेल्या कशाला येतील लिहायला.

माझं सेम टू सेम होतं, ग्रेड टू, मूत्राशय. मुलगा आता बालवाडीत जातो. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की माझं तपासलं तर अजूनही थोडं खाली आहे म्हणतात, पण मला जाणवत नाही, आठवण होते ती महिन्याची पाळी जवळ आली किंवा लग्नाकार्यात दिवसभर उभं राहिलं की. म्हणजे "जागेवर गेलं का" आणि "त्रास गेला का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला फार उशिरा कोणीतरी सांगितलं. मुलं झालेल्या बायकांना नुसतं तपासायला घेतलं तर साधारण निम्म्या जणींत थोडंफार खाली आलेलं सापडतं, त्यातल्या बऱ्याच जणींना पत्ताही नसतो.

दुसरं म्हणजे तुझे साडेतीनच महिने झालेत गं. आणि तू पाजतेयस. पाजताना शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं त्यामुळे तिकडची त्वचा कोरडी, पातळ, सैल राहते, पाळी परत सुरू झाली आणि पाजणं कमी झालं की बऱ्याच जणींना आपोआप थोडं घट्ट वाटायला लागतं. मला डॉक्टरांनी तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं होतं, अगदी थोडं, पाजत असताना चालतं का ते विचारूनच घेतलं. मनाने मेडिकलमधून आणू नकोस.

आणि बद्धकोष्ठ!! याच्याबद्दल कोणी बोलत नाही. डिंकाचे, मेथीचे लाडू आणि तूपभात खाऊन मला दगडासारखं होत होतं आणि मी तिथे बसून जोर लावत होते, म्हणजे व्यायामाने जे दोन आणे कमवायचे ते संडासात चार आणे घालवायचे. रात्री इसबगोल, भरपूर पाणी, पपई. कमोडसमोर पायाखाली पाट घे, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, थोडं पुढे वाकून बस, आणि श्वास रोखून कुंथायचं नाही, हळू फुंकर सोडायची. घाई नको. दारावर सासू, बाळ, कुकर काहीही असो.

बाळाला उचल, नक्की उचल. बाकीचं सोड. पाण्याने भरलेली बादली, गव्हाचा डबा, सिलिंडर सरकवणं, कार सीट बाळासकट उचलणं हे नवऱ्याला.

रोज_सूर्यनमस्कार (खारघर)

ताई घाबरू नका. रोज सकाळी रिकाम्या पोटी कपालभाती करा, पोट पण आत जाईल आणि पिशवी पण वर जाईल. सोबत नौकासन. माझ्या वहिनीला खूप फरक पडला.

फिजिओ_ऐरोली

वरच्या ताई/दादांना विनंती, कृपया हा सल्ला नको. कपालभातीत पोटाला झटके बसतात, नौकासनात पोटावर दाब येतो, आणि तो दाब खाली जातो. तळाचे स्नायू अजून धरून ठेवायला तयार नाहीत तेव्हा त्यांच्यावर वरून हातोडे मारायचे नसतात. पुढे ताकद आल्यावर बघता येईल, आत्ता नाही. योग हवाच असेल तर मूलबंध करा, तो केगलच्या बराच जवळचा आहे.

अर्धी_झोप, मी महिलांच्या याच प्रकारच्या तक्रारींवर काम करणारी फिजिओ आहे, इथे क्लिनिकची जाहिरात करणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी केगल सांगितलं ते बरोबरच आहे, फक्त अर्धवट सांगितलं. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१९ ची गाइडलाइन आहे, त्यात पहिल्या-दुसऱ्या ग्रेडला त्रास होत असेल तर निदान १६ आठवडे कोणाच्या तरी देखरेखीखाली या स्नायूंचा व्यायाम करा असं आहे. देखरेख हा शब्द महत्त्वाचा. नुसतं वाचून करणाऱ्या पुष्कळ जणी आत ओढण्याऐवजी खाली ढकलत असतात, आणि हे बाहेरून कळत नाही, हातमोजा घालून आतून तपासावं लागतं. तुमची परवानगी घेऊनच करतात, नको वाटलं तर नाही म्हणता येतं.

करायचं असं. आडवं पडा, गुडघे दुमडा. वारा रोखल्यासारखं मागून आवळायला सुरू करा आणि ते पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून आत-वर ओढा. कुल्ले, मांड्या ढिल्या. श्वास चालू. जमेल तेवढे सेकंद धरा, हळूहळू दहापर्यंत न्या, मग तेवढाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं कोणी करत नाही! सतत आवळून बसलेला स्नायू दमतो आणि दुखतो. असे आठ-दहा, मग थोडे पटपट आवळून सोडायचे, दिवसातून तीनदा. बाळाला पाजतानाची वेळ धरा म्हणजे विसरायला होत नाही. लघवी करताना मध्येच धार तोडायची सवय लावू नका, एखादेवेळी स्नायू कुठला ते कळण्यापुरतं ठीक.

यापेक्षाही उपयोगी गोष्ट म्हणजे वेळेवर आवळणं. शिंक येतेय, खोकला येतोय, बाळाला पाळण्यातून उचलायचंय, त्याच्या क्षणभर आधी आत ओढा आणि उचलताना श्वास सोडा. दोन-तीन आठवड्यात अंगवळणी पडतं. फरक मात्र तीन महिन्यांच्या आत शोधू नका, चार ते सहा महिने धरून चला.

पोटपट्टा सैल करा किंवा काढा. आईंनी मायेने बांधलाय ते कळतं, पण कंबरेला घट्ट आवळलं की दाबाला जायला जागा फक्त खाली उरते.

संध्याकाळी जड वाटतं तेव्हा पंधरा-वीस मिनिटं कमरेखाली उशी घेऊन पडा, पाय खुर्चीवर. एका कुशीवर झोपून पाजा. लघवी पूर्ण झाली नाही असं वाटलं तर उठून जरा पुढे-मागे वाका आणि परत बसा.

आणि ताबडतोब डॉक्टरकडे जायचं ते कधी, तर लघवी अडकली, ताप आणि कमरेत दुखलं, गाठीवर जखम झाली, रक्त किंवा घाण वास यायला लागला, नाहीतर बाहेर आलेलं आत जातच नाही.

नौपाड्याची_मावशी

पोरी, मी साठीच्या जवळ आहे. हे असं उघडपणे लिहिता तुम्ही मुली ते बघून बरं वाटतं. आमच्या वेळी आईलाही सांगायची चोरी होती. माझी मावशी रोह्याला होती, तिचं अंग पूर्ण बाहेर असायचं, चौथ्या ग्रेडचं म्हणतात ते, आणि ती देवळात जायची बंद झाली होती, कारण काय ते घरातल्या पुरुषांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्या लंगोटाच्या गोष्टी धीराच्या नाहीत. सासूबाईंना उगाच बोल लावू नकोस, पण ऐकूनही घेऊ नकोस.

माझं ऑपरेशन झालं पन्नाशीनंतर, पिशवी काढली आणि मूत्राशयाची बाजू शिवून घट्ट केली. चांगलं झालं. सहा आठवडे काही उचललं नाही. पण तुझ्या वयाला पिशवी काढणं हा एकच मार्ग नाही हे ठामपणे सांगते. पिशवी ठेवून वर बांधून घेण्याची ऑपरेशनं आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी तरुण बायकांसाठी बसवली, शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या नावाने आजही ओळखतात. गरोदरपणात पिशवीच्या तोंडाला घालतात तो शिरोडकर टाका, तेच शिरोडकर. अर्थात तुला तिथपर्यंत जायलाच लागणार नाही बहुतेक, आणि ऑपरेशन करायचंच तर मुलं होऊन गेल्यावर करतात, कारण पुढच्या बाळंतपणात शिवलेलं परत सैल पडू शकतं. कोणी खालून जाळी बसवायची म्हणालं तर मात्र शंभर प्रश्न विचार. अमेरिकेत २०१९ मध्ये या कामासाठी योनीतून बसवायच्या जाळ्यांची विक्रीच थांबवायला लावली तिथल्या सरकारी खात्याने.

दुसरं मत घे. खाजगी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलची गायनॅक ओपीडी आहे, परळला केईएम आहे. रांग लागते, सकाळी लवकर जायचं.

बाबा_घोडबंदर

एका पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? बायकोला हेच झालं होतं. मीही तुमच्या मिस्टरांसारखाच "अगं काही नसेल, नेट वाचू नकोस" म्हणणाऱ्यांपैकी. मग एकदा तिच्यासोबत आत गेलो आणि डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं मॉडेल हातात घेऊन दाखवलं की मूत्राशय कुठे असतं आणि कुठे आलंय. त्यानंतर मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांना सोबत न्या, बाहेर गाडीत बसवून ठेवू नका.

घरात आम्ही काय बदललं तर आंघोळीचं पाणी, लादी, कपड्यांची बादली माझ्याकडे, बाजारहाट घरपोच. बाळाची अंघोळ जमिनीवर बसून घालायची ती बंद करून टेबलावर टब. सोसायटीची लिफ्ट बंद असेल त्या दिवशी बाळ माझ्याकडे, सतराव्या मजल्यावर राहतो आम्ही, हे गंमतीने लिहीत नाहीये.

खड्ड्यांचं म्हणाल तर रिक्षाने काही तुटत-बिटत नाही असं आम्हाला डॉक्टर म्हणाल्या, फक्त लघवी तुंबवून बसायचं नाही. ती मधे बसायची, कडेला नाही, धक्के कमी लागतात म्हणे. मला पटलं नाही पण वाद घातला नाही.

सानपाडा_लोकल

आणि जवळ जायचं राहिलंच ना. त्याने काही बिघडत नाही, गाठ असली तरी चालतं, आडवं असताना ते तसंही वर सरकलेलं असतं. कोरडेपणामुळे मात्र दुखतं, त्यासाठी पाण्याच्या बेसचं जेल मिळतं. घाई करू नकोस, आणि नवऱ्याला "नको" नुसतं म्हणू नकोस, का ते सांग, नाहीतर तो वेगळंच काहीतरी समजून बसतो.

दुसरं मूल होतं. माझ्या जावेला झालं. गरोदरपणात पहिले काही महिने जरा जड जातं, मग पिशवी मोठी होऊन वर उचलली जाते. नॉर्मल की सिझर ते तेव्हाचे डॉक्टर ठरवतात, सिझर केलं म्हणजे कधीच होणार नाही असंही नाही, सिझरवाल्यांनाही होतं, कमी प्रमाणात.

अर्धी_झोप

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचता वाचता रडले पण वेगळं रडणं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले, नवऱ्याला आत घेऊन. त्यांनी आडवं आणि उभं दोन्ही करून, खोकायला लावून तपासलं. मूत्राशय ग्रेड टू, पिशवी ग्रेड वन. व्हॅक्यूमपेक्षा इतका वेळ जोर लावणं आणि बाळाचं वजन यामुळे ताण आला असावा म्हणाल्या, फिजिओकडे पाठवलंय, आणि ऑफिस सुरू होईपर्यंत पेसरी बसवून बघायची का असं विचारलंय. सिलिकॉनची रिंग असते, आत बसते आणि सगळं वर धरून ठेवते. मला ऐकूनच कसंतरी झालं, म्हाताऱ्या बायकांना लावतात ना ते? कोणी वापरलीय का? ट्रेनमध्ये, ऑफिसात काही होत नाही ना?

सानपाडा_लोकल

मी वापरली! ऑफिसच्या दिवशी सकाळी घालायचे, रात्री काढायचे. वयाचा संबंध नाही. बरोबर मापाची असेल तर आत आहे हे कळतही नाही, टोचत असेल तर माप चुकलंय. पहिलं माप बसेलच असं नाही, माझं बदलावं लागलं, बाळंतपणानंतर काही महिन्यांनी परतही बदलू शकतं. वाशीच्या गर्दीत उभं राहून ठाण्यापर्यंत आलेय मी रिंग घालून, लोकलमध्ये धक्के खाऊन सुद्धा जागची हलली नाही.

फिजिओ_ऐरोली

पेसरी आणि व्यायाम एकत्र चालतं, एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नाही. बसवल्यावर दवाखान्यातच चालून, खोकून, पायऱ्या चढून बघा आणि लघवी करूनच घरी निघा. काढायला-घालायला स्वतः शिकून घ्या, एक पाय स्टुलावर ठेवून किंवा उकिडवं बसून जमतं. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायची. जवळ येताना काढता येते, रिंग असेल तर ठेवली तरी बऱ्याच जणींना चालतं. डॉक्टर सांगतील त्या अंतराने दाखवत राहा, आत विसरून वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही ती, जखम होते.

एक गंमत सांगते. पेसरी घातल्यावर मूत्राशय सरळ होतं आणि आतापर्यंत दबलेली गळती अचानक जास्त दिसू शकते. झालं तसं तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा, त्यासाठी वेगळ्या प्रकारची पेसरी असते.

अर्धी_झोप

ओके, लावून बघते.

अजून एक. हा सगळा धागा मी काल सासूबाईंना वाचून दाखवला, लंगोटाचं वाक्य वगळून. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, त्या ओपीडीत म्हाताऱ्यांना पण बघतात का. त्यांना आहे. नणंदेच्या वेळेपासून. सारखी लघवीला लागते, जळजळ होते, बाहेर पडायचं टाळतात, आम्हाला वाटायचं गुडघ्यांमुळे घरी बसतात. आता ६४ वय आहे, शुगर पण आहे. या वयात काही होईल का?

नौपाड्याची_मावशी

होईल की. न्या त्यांना. मी ओपीडीत माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या बायका बघितल्यात.

फिजिओ_ऐरोली

नक्की होईल. त्या वयात पेसरी, खाली लावायचं क्रीम, व्यायाम सगळं चालतं, आणि तब्येत बघून ऑपरेशनही करतात. सारखी लघवी आणि जळजळ आहे म्हणजे आधी लघवीची तपासणी आणि शुगर करून घ्या, इन्फेक्शन असेल तर ते आधी बरं करावं लागेल. पाळी गेल्यानंतर कधी रक्त दिसलंय का ते त्यांना एकटीला विचारा, दिसलं असेल तर डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगायचं. आणि दोघींच्या अपॉइंटमेंट वेगवेगळ्या घ्या, तुमच्याच वेळेत "जरा आईंना पण बघा" नको, त्यांना तपासायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतील आणि तुमच्यासमोर त्या अर्धं बोलणार नाहीत.